मदत हवी आहे: वडिलांचा तिकीटसंग्रह विकायचाय, पुण्यात पारख कुणाकडून करून घ्यावी?

नमस्कार मंडळी,

वडील गेल्यावर त्यांचा टपालतिकिटांचा संग्रह माझ्याकडे आला. आम्हा भावंडांत कुणालाच हा नाद नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत तिकिटं एकमेकांना चिकटून वाया जाण्यापेक्षा जाणत्या माणसाकडे गेलेली बरी, असं आईचंही मत आहे.

निम्म्याहून जास्त भरणा १९७० नंतरच्या कोऱ्या तिकिटांचा आणि फर्स्ट डे कव्हरांचा (तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का असलेली पाकिटं). पुणे जीपीओत बाबांचं फिलाटेली डिपॉझिट अकाउंट होतं, त्यामुळे नवीन काही निघालं की घरी यायचं. अशी तिकिटं पुष्कळांनी जपून ठेवलीत, त्यांना फारसा भाव नाही, हे मला मान्य आहे. थोडी हैदराबाद, त्रावणकोर संस्थानांची आहेत, बहुतेक वापरलेली.

खरी अडचण १५ ऑगस्ट १९४८ च्या गांधीजींच्या संचाची. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये, चारही तिकिटं आहेत. दहा रुपयांच्या तिकिटावर शिक्का नाही, कडेचे दाते शाबूत आहेत, पण मागे डिंकावर हिंज (तिकीट अल्बममध्ये चिकटवायची छोटी कागदी पट्टी) लावल्याचा पिवळट डाग आहे. त्याने किंमत उतरते, हे ठाऊक आहे. शिवाय या तिकिटाच्या नकला फार. अस्सल तिकीट स्वित्झर्लंडमध्ये फोटोग्रॅव्हरने छापलेलं. भिंगाखाली धरून पाहिलं, पण ती छपाई ओळखायला लागते तशी नजर माझ्याकडे नाही.

एका व्यापाऱ्यांना अल्बम दाखवले. त्यांनी भराभर चाळून सगळ्याचा मिळून एक आकडा सांगितला. दहा रुपयांचं तिकीट मी ठेवून घेतो म्हटल्यावर मात्र बाकीच्यात रस नाही म्हणाले! तेव्हापासून घाई करायची नाही असं ठरवलंय. जुन्या बाजारात तर नेणारच नाही.

तर विचारायचंय ते असं. विकत घेण्यात ज्याचा स्वार्थ नाही, असं कुणी पुण्यात हे तिकीट तपासून अस्सलपणाचा दाखला देतं का? नसेल तर मुंबईला कुणाकडे जावं? गांधी संच लिलावात देऊन बाकीचं सरसकट विकावं, की चांगलं काही बाजूला काढलं की उरलेल्याला गिऱ्हाईकच मिळत नाही? लिलाववाले विकणाऱ्याकडून किती टक्के घेतात? आणि तो डाग पुसायचा प्रयत्न मी केलेला नाही, करणारही नाही. पण तिकीट तोवर ठेवायचं कशात? सध्या बटरपेपरच्या पाकिटात आहे.

हिंजवाल्या तिकिटाचा विक्रीचा अनुभव कुणाला असेल तर जरूर लिहा. पुढचे-मागचे फोटो आज रात्री प्रतिसादात टाकतो.