बाबांना मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर), बॉयलरवरच्या कामामुळं झाला असेल का?

पंचगंगाकाठ:
बाबा 67 वर्षांचे, जिल्ह्यातल्याच एका साखर कारखान्यात बॉयलरवर होते. धाप लागते म्हणून दाखवलं तर फुफ्फुसाच्या बाहेर पाणी झालेलं, ते काढलं, परत भरलं, टीबी समजून गोळ्या पण चालू केल्या. शेवटी बायोप्सीत मेसोथेलिओमा आलंय. बाबांनी बिडी-तंबाखूला कधी हात लावला नाही, मग हे कसं काय? गळीत संपलं की पाइपावरचं जुनं पांढरं लॅगिंग (उष्णता राखायला गुंडाळलेलं आवरण) हातानं सोलून काढायचो म्हणतात, तोंडाला नुसता टॉवेल.

डॉक्टरताई:
दादा, या कॅन्सरचा बिडी-सिगरेटशी संबंध नसतो. जुन्या लॅगिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, त्याचे बारीक तंतू श्वासातून आत जातात आणि फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत पोचतात, कॅन्सर मात्र 20 ते 50 वर्षांनी दिसतो. म्हणून रिटायर झाल्यावर कळतं. पाण्याच्या तपासणीत बऱ्याचदा पेशी सापडत नाहीत आणि आपल्याकडं टीबी इतका की आधी तोच डोक्यात येतो. आता परळला टाटाला सेकंड ओपिनियन घ्या, जाताना नुसता रिपोर्ट नको, बायोप्सीचे ब्लॉक (मेणात ठेवलेले तुकडे) आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्या. आणि बाबांचं काम काय होतं ते केसपेपरवर लिहून घ्याच, आपल्याकडं हे कुणी विचारतच नाही!

उद्यमनगरवाला:
फाउंड्रीत भट्टीच्या दारालाही अ‍ॅस्बेस्टॉसचीच दोरी असायची भावा, आम्ही चाकूनं कापायचो, धूळ अंगभर. ते कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही हा आजार होतो, त्यामुळं आईंना धाप, खोकला असला तर त्यांचाही एक्स-रे काढा.

कामगारमित्र:
ईएसआय (कामगार विमा) आणि कामगार भरपाई, दोन्हींसाठीच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत हा कॅन्सर आहे. सर्व्हिस सर्टिफिकेट, पीएफची स्लिप, जुनं गेटपास काय असेल ते गोळा करा आणि बाबांबरोबर बॉयलरवर असलेल्यांचे जबाब आत्ताच लिहून घ्या, माणसं थकत चाललीत. 1995 ला सुप्रीम कोर्टानं अ‍ॅस्बेस्टॉसच्या उद्योगांना कामगारांचे आरोग्य रेकॉर्ड नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा रिटायर झाल्यावर 15 वर्षं, जे नंतर येईल तोवर ठेवायला सांगितलंय. तुमचा कारखाना साखरेचा आहे, तरी वकिलांना हा निकाल दाखवा.

पंचगंगाकाठ:
लई आभार सगळ्यांचे. ब्लॉक उद्याच मागतो. गोठ्यावर जुने अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आहेत, काढून टाकू का?

डॉक्टरताई:
धड असतील तर हात लावू नका. फुटलेले काढायचेच झाले तर पाणी मारून, न तोडता, आणि बाबांना तिथं अजिबात थांबू देऊ नका.