विषय: पुन: पुन: शनिवारसाठी केबिनकडची पायवाट आणि ते स्नोमोबिल

प्रसाद
मंडळी, भाड्याचं स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर फिरत्या पट्ट्याने चालणारं यंत्र, शनिवारी केबिनकडची वाट दाबायला वापरायचं की सामान ओढायला, याचा सोक्षमोक्ष इथेच लावू. यंत्र शुक्रवारी संध्याकाळी फिरेल आणि शनिवारी दुपारपर्यंत त्या वाटेला कोणी हात लावणार नाही. यंत्राने दाबलेला बर्फ लगेच घट्ट होत नाही. कण आधी एकमेकांना टेकतात, मग गारठ्यात तासन्‌तास चिकटत जातात. त्याआधी कोणी चाललं तर टाच घोट्यापर्यंत रुतते, ते खड्डे तसेच गोठतात आणि आजी-आजोबांचे पाय मुरगळतात. यंत्राचा पट्टा जेमतेम अर्धा मीटर रुंद आहे, म्हणून शेजारी शेजारी दोन फेऱ्या माराव्या लागतील. त्यात सामान ओढायची भर नको.

सुनंदा
प्रसाद, मग खिचडीची पातेली न्यायची कशी? शुक्रवारी नेऊन ठेवली तर केबिनमध्ये रात्री शेगडी नसते. गेल्या संक्रांतीला दह्याचं आणि टोमॅटोचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. यंत्र भाड्याने घ्यायचा ठराव सामान ओढण्यासाठीच झाला होता, बैठकीचा वृत्तांत काढून बघा. भोजन समितीला सकाळी एक खेप हवी आहे.

प्रसाद
ताई, ठरावात वाटही होती. तांदूळ, डाळ, सिलेंडर, सतरंज्या शुक्रवारीच नेऊ. बाकी हातस्लेडवर, म्हणजे हाताने ओढायच्या घसरगाडीवर न्या.

मंजिरी
मी फॅट-बाइकवाल्यांबरोबर (बर्फावर जाड टायरच्या सायकली चालवणारे) वाटा दाबायला जाते, म्हणून लिहिते. वाट बिघडते ती मऊ असताना त्यावर चालल्याने. रात्रभर थंडी पडली की सकाळी त्याच वाटेवरून यंत्र खुशाल न्या, त्याचा भार पट्ट्यावर पसरतो. नुकसान होतं ते जागेवर वळवल्याने आणि चढावर पट्टा घसरल्याने. पुलापलीकडच्या चढाला ओझं दोन खेपांत न्या आणि वळण घ्यायचं ते केबिनच्या अंगणात. स्लेडला दोर बांधू नका, ताठ दांडीच लावा, नाहीतर उतारावर स्लेड मागून येऊन यंत्रावर धडकते. प्रसाद, हवामानात ढग दाखवताहेत. आभाळ मोकळं नसेल तर वाट नीट बसायला वेळ लागतो, तेव्हा संध्याकाळची वाट न बघता दुपारीच सुरू कर.

शिरीषकाका
नमस्कार. सामानाचं चाललंय, माणसांचं कोण बोलणार? क्यूबेकमधल्या वालकूरच्या जोसेफ-आर्मांड बोंबार्दियेचा लहान मुलगा 1934 च्या हिवाळ्यात गेला, बर्फामुळे दवाखाना गाठता आला नाही. त्याने 1937 मध्ये पट्ट्यावर चालणाऱ्या गाडीसाठी पेटंट मिळवलं. 1959 मध्ये त्याचं स्की-डू हे स्नोमोबिल आलं. आपल्या सियाचीनवरही जवान स्नो-स्कूटरवरून रसद नेतात. या यंत्रांचा जन्मच माणसांसाठी झाला. तेव्हा माझ्या सौ.ला आणि कुलकर्णीआजींना स्लेडवर बसवून न्यावं. तळ्यावरून नेलं तर अंतरही निम्मं होईल.

अजय
काका, तळ्यावरून नको. मिनेसोटाच्या डीएनआरचा (नैसर्गिक संसाधन विभागाचा) सल्ला नव्याने गोठलेल्या, पारदर्शक बर्फासाठी आहे: चालायला किमान 4 इंच, स्नोमोबिलला 5 ते 7. पांढऱ्या बर्फाची ताकद साधारण निम्मी असते, म्हणजे जाडी दुप्पट हवी. आपल्या तळ्यावर वर जाड हिम साचलंय. ते दुलईसारखं थंडी अडवतं आणि भाराने बर्फ दबून फटींतून पाणी वर येतं. वरून कोरडं दिसतं आणि खाली पाणी-बर्फाचा चिखल असतो. पट्टा त्यात गेला की सामानासकट अडकणार.

सुनंदा
काका, आजींची सोय करूच. पण पातेल्यांच्या स्लेडवर नाही आणि त्या चढावर तर अजिबात नाही. माझी गाडी केबिनच्या मागच्या रस्त्याने जाते, तिथून पंचवीस पावलं चालायचं आहे.

प्रसाद
मंजिरी, दुपारी दोनला सुरू करतो. ताई, तुमची खेप शनिवारी सकाळी आठला, चढावर दोन भागांत. हँडल माझ्याकडेच राहील. यंत्र रात्री ओल्या बर्फावर उभं केलं तर पट्टा जमिनीला चिकटतो, मग सकाळी ओढताना इंजिनचा बेल्ट जळतो. खाली टाकायला जाड फळ्या हव्यात. गणपतीच्या मखराच्या कोणाकडे आहेत?

अजय
फळ्या माझ्या गॅरेजमध्ये आहेत. पट्ट्याच्या फटींतला बर्फ काढायला लाकडी दांडकंही आणतो. इंजिन शेडमध्ये चालू करू नका, धूर कोंडतो. बाहेर काढूनच तापवा.

शिरीषकाका
सुनंदाताई, पंचवीस पावलं चालेल. पण त्या मागच्या रस्त्यावरचा बर्फ काढतं कोण?