एलसीएचचं औषध थांबवताना रक्तातल्या पेशींची साक्ष घ्यावी की नाही?

शुभ्रकणिका (धागाकर्ती):

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत फ्लो सायटोमेट्रीच्या, म्हणजे पेशींवरच्या खुणा पाहून त्या ओळखण्याच्या, विभागात काम करते. गेले काही महिने एक गोष्ट मनात घोळते आहे, ती इथे मांडते.

लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस, म्हणजे एलसीएच, हे नाव बहुतेकांच्या कानावर पडलेलं नसतं. यात एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी बेसुमार साठून गाठी करतात. पंधरा वर्षांखालच्या दर दहा लाख मुलांमागे वर्षाला चार-पाच जणांना हा आजार होतो. एखाद्याच्या कवटीच्या हाडात एकच भोक पडतं आणि कधीकधी ते आपसूक भरूनही येतं. एखाद्याचं यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा मात्र हा आजार धरून बसतो, आणि मग जिवावर बेततं. या अवयवांना धोक्याचे अवयव म्हणतात.

नाव पडलं ते जुन्या समजुतीतून. पाउल लँगरहान्स यांनी वैद्यकीचे विद्यार्थी असताना, 1868 मध्ये, त्वचेतल्या फांद्या फुटलेल्या पेशींचं वर्णन केलं. त्या मज्जातंतूंच्या पेशी असाव्यात असं त्यांना वाटलं होतं. पुढे आजाराच्या गाठीतल्या पेशींवरही त्वचेतल्या या पेशींसारख्याच खुणा सापडल्या, सीडी1ए आणि लँगरिन, म्हणून आजार त्यांच्यातूनच उपजतो असं धरलं गेलं. (सीडी आणि आकडा अशी नावं पेशींच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांची, त्यांवरून पेशी ओळखतात.) 2010 मध्ये या समजुतीला तडा गेला. गाठीतल्या पेशींमधली जनुकं तपासली तेव्हा त्या त्वचेत राहणाऱ्या पेशींपेक्षा मज्जेतून येणाऱ्या डेंड्रिटिक पेशींच्या (फांद्या फुटलेल्या रोगप्रतिकारक पेशी) जवळच्या निघाल्या. त्याच वर्षी 61 नमुन्यांपैकी 35 मध्ये बीआरएएफ या जनुकातला व्ही600ई हा बदल आढळला. आणि 2014 मध्ये माझ्या कामाशी थेट संबंध असलेली गोष्ट पुढे आली. धोक्याच्या अवयवांचा आजार सक्रिय असलेल्या मुलांच्या रक्तातल्या सीडी14 आणि सीडी11सी खुणेच्या पेशींत हा बदल होता, मज्जेतल्या सीडी34 मूळ पेशींतही होता. सौम्य आजाराच्या मुलांत तो फक्त गाठीपुरता होता.

रोज स्क्रीनवर मी मोनोसाइटचा (सीडी14 खुणेच्या पांढऱ्या पेशी) ठिपक्यांचा पुंजका बघते. बदल असलेली पेशी आणि निरोगी पेशी त्या पुंजक्यात शेजारी शेजारी बसलेल्या असतात आणि दिसायला तंतोतंत सारख्या. आकार तोच, सीडी14 तेवढंच. पेशी वेगळ्या काढून त्यांचं जनुक तपासलं तरच फरक कळतो. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या मोजणीत, तर याचा मागमूसही नसतो. सीबीसी ठीक, सोनोग्राफी ठीक, म्हणून औषध बंद होतं, आणि मज्जेत मूळ तसंच राहिलेलं असू शकतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की, ज्यांच्या गाठीत हा बदल सापडला आहे आणि ज्यांचे धोक्याचे अवयव धरले गेले होते, अशा मुलांचं औषध थांबवण्याआधी रक्तातल्या या पेशी बघितल्याच पाहिजेत. ही तपासणी नेहमीच्या पाठपुराव्याचा भाग व्हावी.

नीलकंठ:

मुलांच्या रक्तविकारांवर उपचार करणं हे माझं काम आहे. ताई, तुम्ही जीवशास्त्र अचूक मांडलंत, पण निष्कर्ष पटत नाही.

समजा, एक वर्ष विनब्लास्टिन हे केमोथेरपीचं औषध आणि स्टेरॉइड देऊन झालं. मूल खेळतंय, यकृत उतरलंय, प्लेटलेट भरल्यात. तुमच्या तपासणीत मात्र बदल शिल्लक निघाला. मी काय करू? आणखी सहा महिने सुया टोचू? तो आकडा बघून औषध वाढवलं तर मुलांचं भलं होतं, हे कुणी दाखवून दिलेलं नाही. ज्या उत्तरावर पुढचं पाऊल ठरलेलं नाही, तो प्रश्न लहान मुलाच्या शिरेतून विचारू नये, असं माझं ठाम मत आहे.

आकड्याचंही बघा. आपण बदललेल्या पेशींचं प्रमाण मोजतो. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटतात, तापात मोनोसाइट वाढतात. हिशेबातला छेद असा सतत हलत असताना आकडा खाली गेला म्हणजे आजार उतरला, हे कशावरून? शिवाय बऱ्याच मुलांत व्ही600ई नसतोच. काहींत एमएपी2के1 या दुसऱ्या जनुकात बदल असतो, काहींत आणखी कुठे. त्यांच्यासाठी ही चाचणी आंधळी.

सगळ्यात जास्त भीती मला कोऱ्या रिपोर्टची वाटते. धोक्याचे अवयव सुटलेल्या, पण आजार अनेक ठिकाणी असलेल्या मुलांवर एलसीएच-3 ही मोठी चाचणी झाली. सहा महिने औषध दिलेल्यांत पाच वर्षांत 54 टक्क्यांना आजार पुन्हा उपटला, बारा महिने दिलेल्यांत 37 टक्क्यांना. तुम्हीच लिहिलंत की अशा मुलांत बदल गाठीपुरता असतो. म्हणजे रक्त स्वच्छ असूनही आजार परततो. "रक्तात काही नाही" हे ऐकून आईवडील पुढची तपासणी चुकवतील.

पायवाट:

डॉक्टर, राग मानू नका, पण तुमचा पहिला मुद्दा वाचून मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

आमची मुलगी सात महिन्यांची असताना तिच्या डोक्यावर खपल्या आल्या. सगळे म्हणाले, बाळांना होतंच, तेल लावा. लावलं. मग काखेत आणि जांघेत लाल, ओलसर चट्टे आले, तेव्हा बुरशीचं मलम दिलं. कान वाहायला लागला, मग थेंब. पाच महिने असेच गेले. एका संध्याकाळी लंगोट बदलताना तिच्या पोटावर बारीक जांभळे ठिपके दिसले. बोटाने दाबले तरी फिके होईनात. प्लेटलेट संपत आल्या होत्या. त्वचेची बायोप्सी झाली आणि हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं.

आता औषध थांबायला दोन महिने उरलेत. रात्री तिच्या अंगावर टॉर्च मारून मी ठिपके शोधतो. "पुढचं पाऊल ठरलेलं नाही" हे तुमच्या बाजूने बरोबर असेल. माझ्या बाजूने पाऊल ठरलेलं आहे. आकडा शिल्लक असेल तर मी तीन महिन्यांऐवजी दर महिन्याला रक्त तपासून घेईन, आणि अंगावर चट्टा दिसला तर तेल लावत बसणार नाही. औषध वाढवा असं मी म्हणतच नाही. डोळे उघडे ठेवायला कारण मिळावं, इतकंच.

गुलबक्षी:

पायवाटदादा, तुमची रात्र मला ओळखीची आहे. तरीही माझं मत डॉक्टरांच्या बाजूने.

माझ्या मुलाची ही चाचणी एका अभ्यासाचा भाग म्हणून होत होती. औषध थांबल्यावर दोन वर्षं बदल थोडा थोडा दिसत राहिला. मुलगा शाळेत जात होता, पोहायला शिकला, त्याला काहीही झालं नाही. आणि मी त्या दोन वर्षांत त्याच्याकडे मूल म्हणून पाहिलंच नाही, दोन रिपोर्टांमधलं अंतर म्हणून पाहिलं. साधा ताप आला की माझे हातपाय गार पडायचे. शेवटी मीच आकडे कळवू नका असं लेखी दिलं. रक्त अजूनही देतो, अभ्यासासाठी.

चौकसबुद्धी:

अडाणी प्रश्न असेल, पण ईएसआर किंवा फेरिटिन या रक्ताच्या साध्या तपासण्यांनी काम भागत नाही का? ते कुठेही होतं.

शुभ्रकणिका:

@चौकसबुद्धी, अडाणी अजिबात नाही. पण ते दोन्ही दाह झाल्याचं सांगतात, कुणामुळे झाला ते सांगत नाहीत. साध्या घसादुखीनेही ईएसआर चढतो. फेरिटिन खूपच वर गेलं तर वेगळी धोक्याची घंटा असते, आजारावर आणखी एक वादळ स्वार झाल्याची शंका येते. मूळ शिल्लक आहे का, हे त्यातून कळणार नाही.

@नीलकंठ, कोऱ्या रिपोर्टबद्दलचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. सौम्य आजारात ही तपासणी करू नये, हे मी मूळ लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं. पण गंभीर आजाराबाबत मी मागे हटत नाही. व्हेम्युराफेनिब (हा बीआरएएफ बदल रोखणारं औषध) दिलेल्या 54 मुलांचा 2019 चा अहवाल तुम्ही वाचला असेलच. सगळ्यांना गुण आला. औषध थांबवलेल्या 30 पैकी 24 जणांत आजार परतला. औषध चालू असतानाही बहुतेकांच्या रक्तद्रवात बदल शिल्लकच होता. वरून बरं दिसणं आणि मुळातून बरं होणं वेगळं आहे, हे रक्ताने आधीच सांगितलं होतं ना?

आणि मेंदूचं काय? काही मुलांत गाठी जाऊन वर्षं उलटल्यावर तोल जायला लागतो, अक्षर बिघडतं, बोलणं अडखळतं. अशा रुग्णांत बाकी शरीरात सक्रिय आजार नसतानाही रक्तातल्या पेशींत बदल सापडल्याचं 2018 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. स्कॅनमध्ये शरीर स्वच्छ दिसत असताना सुगावा देणारी दुसरी कुठली तपासणी तुमच्याकडे आहे?

नीलकंठ:

मेंदूचा मुद्दा वजनदार आहे, तो मी हलक्यात घेणार नाही. अशा मुलांत मी स्वतः ही तपासणी मागेन.

54 मुलांचा अहवाल मात्र मी उलटा वाचतो. जवळजवळ सगळ्यांतच बदल शिल्लक असेल, तर कुणाचा आजार परतणार आणि कुणाचा नाही, हे तो आकडा वेगळं करून दाखवत नाही. जी खूण सगळ्यांच्याच कपाळावर आहे, तिच्यावरून मी निवड कशी करू? गुलबक्षीताईंच्या मुलाच्या रक्तातही ती होतीच.

पायवाट, तुमच्या मुलीबद्दल. तुम्हाला दर महिन्याला रक्त बघायचं असेल तर कुठल्याही आकड्याविना बघा. गंभीर आजार होऊन गेला, हेच कारण पुरेसं आहे. कुणी नाही म्हणत असेल तर हट्ट धरा. आणि औषध थांबायच्या दिवशी, सीबीसीसाठी सुई टोचलेलीच असते तेव्हा, जांभळ्या झाकणाची एक जास्तीची नळी भरून पेशी गोठवून ठेवता येतात का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. पुढे काही झालं तर तुलनेला आजचा नमुना हाताशी असेल.

शुभ्रकणिका:

गोठवायचं असेल तर सुट्टीच्या आदल्या दिवशी रक्त काढू नका. त्याच दिवशी पेशी वेगळ्या करून ठेवाव्या लागतात, दोन दिवस पडून राहिलेल्या नळीतल्या मोनोसाइट भरवशाच्या राहत नाहीत. आणि नळीवर शेवटच्या डोसची तारीख लिहायला सांगा.

पायवाट:

लिहून घेतलं. पण नमुना गोठवला तर तो मी तपासायला लावणार, डॉक्टर. नुसता ठेवून मला झोप लागणार नाही.

नीलकंठ:

तो तुमचा हक्क आहे. फक्त त्या एका आकड्यावरून मी तुमच्या मुलीला विनब्लास्टिनचा एकही डोस जास्त देणार नाही, हे आजच सांगून ठेवतो.