तीन बायरांचे तीन फॉर्म: रबाळ्यातल्या लहान शिलाई युनिटांनी एकत्र येऊन काही साधेल का?

गाळा_क्रमांक_सात (रबाळे):

माझे रबाळे एमआयडीसीत चाळीस मशिनांचे शिलाई युनिट आहे. आम्ही थेट निर्यात करत नाही, तीन निर्यातदारांचे जॉबवर्क (त्यांच्या कापडाची शिलाई मजुरीवर) करतो. माल बहुतेक लहान मुलांचे सुती शर्ट आणि फ्रॉक असा असतो. गेल्या वर्षात तीन वेगवेगळ्या परदेशी ब्रँडांच्या, म्हणजे बायरांच्या, वतीने तीन ऑडिट झाली. तिघांनी तीच अग्निशामक नळकांडी, तेच हजेरीपुस्तक आणि तोच मागचा जिना यांचे फोटो काढले. फॉर्म मात्र तिघांचे निराळे होते. एकाला महिन्याचे वीजबिल हवे, दुसऱ्याला दर नगामागची वीज, तर तिसऱ्याला पाण्याचा हिशोब. आणि आमच्याकडे पाणी लागते ते इस्त्रीच्या बॉयलरला आणि प्यायला. शिलाईचा दर तेवढा कोणीच विचारला नाही.

आता एका मर्चंडायझरने (बायरची ऑर्डर सांभाळणाऱ्या माणसाने) सुचवले आहे की ब्रँडांनी मिळून चालवलेल्या एका 'शाश्वत पुरवठा' कार्यक्रमात आम्ही वार्षिक शुल्क भरून सामील व्हावे. आमच्या आसपास अशीच दहा-अकरा युनिटे आहेत. अशा कार्यक्रमांतून खरोखर काही बदलते, की आणखी एक फाइल तयार होते? आणि आम्ही लहान लोकांनी आपापसांत एकत्र यायचे ठरवले, तर सुरुवात कुठून करावी? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

नेरूळकर_कंप्लायन्स:

मी चौदा वर्षे निर्यात कंपन्यांत कंप्लायन्सचे, म्हणजे नियम पाळले जातात का हे पाहण्याचे, काम केले आहे, त्यामुळे फॉर्म भरून घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिते.

वेगवेगळ्या फॉर्मांची तक्रार जुनी आहे आणि मोठ्या ब्रँडांनाही ती ठाऊक आहे. २०११ साली सस्टेनेबल अपॅरल कोअ‍ॅलिशन स्थापन झाली (आता तिचे नाव कॅस्केल आहे) ती सगळ्यांची मोजपट्टी एक असावी म्हणूनच, आणि हिग इंडेक्स ही मोजपट्टी तिथूनच आली. कामगारविषयक तपासणीसाठी एसएलसीपी (सोशल अँड लेबर कन्व्हर्जन्स प्रोग्रॅम) हा वेगळा उपक्रम आहे. त्यात एकदा पडताळणी झाली की तीच माहिती अनेक बायरांना दाखवता येते. म्हणून शुल्क भरण्याआधी तिन्ही निर्यातदारांकडून लेखी विचारून घ्या की त्यांचे ब्रँड अशी सामाईक पडताळणी स्वीकारतात का, आणि स्वीकारल्यावर स्वतःचे ऑडिट बंद करतात का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा गुळमुळीत येते. तसे आले तर शुल्क भरू नका.

तरीही मोजपट्टी एक झाल्याने काम सुधारतेच असे नाही. ब्रँडांच्या एकत्र येण्याने प्रत्यक्ष फरक पडल्याचे ठळक उदाहरण म्हणून मी बांगलादेशातला अकॉर्ड सांगेन. २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझाची इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे गेली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच ब्रँड व कामगार संघटना यांच्यात हा करार झाला. तो कायद्याने बंधनकारक होता, तपासणीचे अहवाल जाहीर होत, वाद लवादापुढे नेता येत असे आणि दुरुस्तीसाठी कारखान्याला पैसा उपलब्ध होईल हे पाहणे ही ब्रँडचीही जबाबदारी होती. तुम्हाला देऊ केलेल्या कार्यक्रमाच्या कागदात 'ब्रँडने काय करावे' असे एखादे कलम आहे का, ते शोधा. मी पाहिलेल्या बहुतेक कागदांत सगळी क्रियापदे कारखान्याच्या वाट्याला आलेली असतात.

डोंबिवली_डाईंगवाला:

ताईंनी नेमके लिहिले आहे. मला दुसरा मुद्दा मांडायचा आहे: शिलाई युनिटात पाणी मोजणे म्हणजे हरवलेली किल्ली दिव्याखाली उजेड आहे म्हणून तिथे शोधणे. कपड्यामागचे पाणी आणि रसायन कापसाच्या शेतात आणि आमच्यासारख्या प्रोसेस हाऊसमध्ये (कापड धुऊन रंगवण्याच्या कारखान्यात) खर्च होते. सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग बसवायला भरपूर मीठ लागते. ते कापडात राहत नाही, सगळे सांडपाण्यात उतरते. साध्या जैविक प्रक्रियेने रंग आणि सेंद्रिय भार कमी होतो, पण विरघळलेले मीठ तसेच पुढे जाते.

तिरुपूरला याच कारणाने नोय्यल नदीचे वाटोळे झाले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले शेकडो डाईंग कारखाने आणि सामाईक सांडपाणी प्रकल्प बंद करायला लावले. नंतर जे सुरू झाले ते सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर: पाणी गाळायला आरओ, उरलेल्या खारट पाण्यासाठी बाष्पीभवन, आणि जमेल तेवढे मीठ परत रंगाईला. ही यंत्रणा एकट्या लहान कारखान्याला परवडत नाही, ती सामाईकच उभी राहते. उल्हासनगरला वालधुनी नदीच्या काठचे जीन्स धुणारे कारखाने बंद झाले, तेव्हा इथे तशी सामाईक सोय नव्हती. माझ्या माहितीतल्या काहींनी मशीन उचलून पुढच्या गावात नेली आणि नाला तेवढा बदलला.

आता ब्रँडांनी एकत्र येऊन काय करावे, याचे एक साधे उदाहरण देतो, कारण ते कुठल्याच फॉर्मात नसते. आम्ही लॅब डिप (रंगवलेला छोटा नमुना) पाठवतो, बायर शेड, म्हणजे रंगछटा, मंजूर करतो, मग मोठा लॉट रंगवतो. रंग तपासायच्या पेटीत दिव्याखाली धरल्यावर लॉट नमुन्यापेक्षा जरासा लालसर दिसला की माल नापास. घरी मुलाला घातल्यावर त्याच्या आईलाही तो फरक दिसणार नाही, पण आम्ही रंग उतरवून पुन्हा रंगवतो. त्याच कापडाला पाणी, वाफ, मीठ सगळे दुसऱ्यांदा लागते आणि खर्च आमच्या खात्यावर पडतो. चार ब्रँडांनी मिळून शेडच्या फरकाची वाजवी मर्यादा ठरवली, तर एकही यंत्र न घेता पाणी वाचेल. पण हे बोलायला बायरच्या रंगतज्ज्ञाला आमच्या मजल्यावर यावे लागते.

तुर्भे_चिंधी:

गाळा क्रमांक सात, तुमच्या हातातली गोष्ट कटिंग टेबलाखाली पडलेली आहे. आमचा गट चिंधी वर्गवारीचे काम करतो. शिलाई युनिटांतून गोणी येते, तिच्यात शुभ्र सुती पट्ट्या, पॉलिकॉटनचे तुकडे, लायक्राची (ताणल्या जाणाऱ्या धाग्याची) कॉलरपट्टी, कागदी मार्करचे (कापायच्या आराखड्याचे) कपटे आणि दोन-चार चहाचे कपही असतात. शुद्ध सुती आणि एकाच रंगाची चिंधी पुन्हा धागा करणाऱ्याला चालते, पानिपतला तिला गिऱ्हाईक आहे. त्यात लायक्रा मिसळला की तंतू सोडवणाऱ्या यंत्रात तो गुंततो आणि अख्खी गोणी पुसण्याच्या फडक्यांच्या भावाने जाते. एकदा मिसळलेले निवडायला आमच्या बायकांचा पूर्ण दिवस जातो, आणि सुती की मिश्र हे कडेचा धागा जाळून वासावरून ठरवावे लागते.

अकरा युनिटांनी कापडाचे थर कापतानाच तीन गोण्या वेगळ्या ठेवल्या आणि गोणीवर कापडाचा लॉट क्रमांक लिहिला, तर गाडीभर एकजात माल जमेल. एकट्या युनिटची गोणी न्यायला टेम्पोचे भाडेही सुटत नाही.

हिशोबनीस_वागळे:

एक रूक्ष मुद्दा. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, हे २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहेच. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, मुदतीत न दिलेली रक्कम ती प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. निर्यातदार भारतीय असल्यामुळे हे त्यालाही लागू आहे. यावर उपाय म्हणून तुमची उद्यम नोंदणीच (लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणी) रद्द करा असे सुचवणारे महाभागही मला भेटले. अकरा जणांनी एकच देयक-अट लावली, तर नोंदणी रद्द करा असे सांगणे कठीण होईल. शिलाईचा दर मात्र आपसांत ठरवू नका, स्पर्धा कायद्याच्या कचाट्यात सापडाल.

गाळा_क्रमांक_सात (रबाळे):

सर्वांचे आभार. निर्यातदारांना पत्र आजच पाठवले आहे, आणि तीन गोण्यांचे शनिवारी शेजारच्या गाळ्यांशी बोलणार आहे. डाईंगवाले दादांची शेडची गोष्ट मी मर्चंडायझरला वाचून दाखवली, तो हसला आणि म्हणाला की हे त्याच्या वरच्यांना सांगायची त्याची पत नाही.

उत्तरे वाचल्यावर फिनिशिंगला एक चक्कर मारली. डाग काढण्याच्या गनमध्ये जे द्रावण भरतो, त्याच्या कॅनवर कसलेच लेबल नाही. दुकानदार त्याला फक्त 'स्पॉट का पानी' म्हणतो आणि चेकरच्या मुली ते उघड्या खिडकीशिवाय वापरतात. तीन ऑडिटरांपैकी एकानेही हा कॅन उचलून पाहिला नव्हता. नेरूळकर ताई, यात बंदी असलेले क्लोरीनयुक्त द्रावक नाही ना, हे तपासायला नमुना कोणत्या प्रकारच्या प्रयोगशाळेत द्यावा? अकरा गाळ्यांत हाच कॅन एकाच दुकानातून येतो, तेव्हा चाचणीचा खर्च वाटून घेता येईल.