पायवाटेला लागून असलेल्या छोट्या कातळावर टॉप रोप (माथ्यावरून सोडलेल्या रोपवर चढाई): बिले करणाऱ्याने, म्हणजे खालून चढणाऱ्याचा रोप सांभाळणाऱ्याने, उभं कुठे राहायचं?

पायवाट्या: साधारण १२ मीटरचा कातळ आहे. माथ्यावर मागून चालत जाता येतं. कड्यापासून चारेक मीटर मागे दोन जाडजूड जिवंत झाडं आहेत, एकमेकांपासून पाच मीटरवर. अडचण खाली आहे. पायवाट अगदी कातळाला खेटून जाते आणि लोकांची ये-जा सतत असते. ३० मीटरचा स्टॅटिक (फारसा न ताणणारा) आणि ४० मीटरचा डायनॅमिक (ताणून झटका शोषणारा, चढाईचा) रोप आहे. वाटेवर दोरी बांधून ती तेवढ्यापुरती बंद केली तर चालेल का?

कातळखोर: वाट बंद करू नका. ती चालणाऱ्यांची आहे, आपण तिथे पाहुणे.

अँकरला (माथ्यावरच्या आधाराला) दोन्ही झाडं घ्या, स्टॅटिकनेच. मास्टर पॉइंट, म्हणजे दोन्ही झाडांकडून येणारे फाटे जिथे एकत्र बांधले जातात ती जागा, कड्याच्या अर्धा मीटर खाली लोंबू द्या. तुमच्या मापांनी दोन फाट्यांमधला कोन ६० अंशांच्या जवळपास येतो, म्हणजे ठीक. तो १२० वर गेला की प्रत्येक झाडावर पूर्ण भार येतो, मग दोन झाडं घेऊन भार काही वाटला जात नाही. कड्यावर जिथे रोप टेकतो तिथे जाड कापड किंवा जुना गालिचा, आणि तोही बांधून ठेवा, नाहीतर घसरतो. मास्टर पॉइंटला दोन स्क्रू कॅराबिनर (स्क्रूने बंद होणारे धातूचे हूक), उलटसुलट तोंडांनी, आणि रोप त्यांतून. क्लाइंबिंगचा रोप थेट स्लिंगमधून (नायलॉनच्या पट्टीच्या फासातून) ओवू नका, नायलॉनवर नायलॉन घासून वितळतं.

आता बिले. वाटेच्या पलीकडे उभं राहिलात तर रोप येणाऱ्याजाणाऱ्याच्या छातीसमोर आडवा येणार, आणि चढणारा पडला की तुम्ही कातळाकडे ओढले जाणार. कातळालाच चिकटून उभे राहा, चढणाऱ्याच्या बरोब्बर खाली नाही, हातभर बाजूला. उरलेला रोप पिशवीत. हेल्मेट दोघांनाही.

मुंगीघाट: सहमत, फक्त दगडांचं राहिलं. माथ्यावर अँकर लावताना फाटे जमिनीवरून फिरतात आणि कडेचे गोट्याएवढे दगड खाली ढकलतात. आधी हाताने वेचून मागे टाका. त्या वेळी वाटेच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस हवाच. आणि कड्याजवळ काम करणाऱ्याने स्वतःला झाडाला बांधून घ्यायचं, मग कडा कितीही 'सोपा' वाटो.

पायवाट्या: आम्ही तिघंच असतो. मग दोन टोकांना कोण?

कातळखोर: एक माथ्यावर, दोघं खाली, झालं की. चढाई सुरू झाल्यावर तिसरा मोकळा, त्याने वाटेवर लक्ष ठेवायचं. कुणी आलं की चढणाऱ्याला जागेवर थांबवून माणसं जाऊ द्या, दहा सेकंदांचा प्रश्न असतो. लोक थांबून वर बघत बसतात, त्यांना हसून दोन पावलं पुढे सरकवणं हेही त्याचंच काम. रोप खाली टाकताना मात्र नुसतं 'रोप!' ओरडून भागत नाही, खालच्याने वाट बघून 'टाक' म्हणेपर्यंत हातातून सोडायचा नाही.