१८० सेंमी फळीवर औद्योगिक शंटिंग यार्ड: आराखडा आणि विषय याबाबत सल्ला हवा

प्रश्न: फळीवरचा फाटा, पुणे

नमस्कार. घरातील एका भिंतीलगत १८० सेंमी लांब आणि ३० सेंमी रुंद अशी फळी मोकळी झाली असून तिच्यावर १:८७ प्रमाणातील, म्हणजे एचओ मापाचे, लहानसे मालयार्ड उभारण्याचा विचार आहे. कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात गावाभोवती फेऱ्या घेणाऱ्या गाड्या पाहणे मला आवडते. परंतु घरी मला फेरी नको आहे. गाडीने त्या फळीवरच पुढेमागे करावे, वाघिणी (मालडबे) तोडाव्यात, जोडाव्यात आणि प्रत्येक वाघीण ठरलेल्या गुदामाच्या दारी लावावी, एवढीच अपेक्षा आहे.

माझ्याकडे जनरल इलेक्ट्रिकच्या ४४ टनी डिझेल इंजिनाचे मॉडेल आणि ४० फुटी बंद वाघिणी, ज्यांना अमेरिकेत बॉक्सकार म्हणतात, अशा आठ आहेत. टाइमसेव्हर आणि इंगलनुक हे दोन्ही आराखडे वाचनात आले आहेत. यांपैकी कोणता घ्यावा? आणि हेच सामान वापरून मुंबई बंदराच्या रेल्वेचा देखावा करता येईल काय? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: सांधेवाला, नाशिक

माझे मत निःसंदिग्धपणे इंगलनुकच्या बाजूने आहे. टाइमसेव्हर हा जॉन अ‍ॅलन या कॅलिफोर्नियातील नामवंत मॉडेलकाराने रचलेला आणि १९७२ साली प्रसिद्ध झालेला खेळ आहे. पाच सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या जोडण्या), पाच वाघिणी आणि वळसा घेण्यासाठी मुद्दाम अपुरा ठेवलेला लूप अशी त्याची रचना असून घड्याळ लावून स्पर्धा खेळण्यासाठी ती उत्तम आहे. मात्र खऱ्या कारखान्याचे रूळ टाकणारा अभियंता कामगारांचे कष्ट कमी व्हावेत म्हणून रूळ टाकतो आणि टाइमसेव्हरमध्ये ते कष्ट जाणूनबुजून वाढवलेले असतात, त्यामुळे आपण त्याच्याभोवती कितीही सुंदर इमारती उभ्या केल्या तरी ते यार्ड खरे वाटत नाही.

इंगलनुकची कल्पना इंग्लंडमधील अ‍ॅलन राइट यांची. तीन सायडिंग (वाघिणी उभ्या करण्याचे बाजूचे रूळ), दोन सांधे आणि एक शंटिंग नेक (इंजिनाने पुढेमागे करण्यापुरता रुळाचा तुकडा) यांखेरीज त्यात काहीही नाही. एका सायडिंगवर पाच वाघिणी मावाव्यात, उरलेल्या दोघींवर प्रत्येकी तीन, आणि नेकवर इंजिन आणि तीन वाघिणी. आठांपैकी पाच वाघिणींच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमाने लांब सायडिंगवर गाडी तयार करायची. असे क्रम ६,७२० होतात, तेव्हा कंटाळा येण्याची भीती बाळगू नये.

आता मापे. ४० फुटी वाघीण कपलरसह, म्हणजे जोडणीच्या आकड्यांसह, सुमारे १५५ मिमी भरते, म्हणून पाच वाघिणींना ७७५ मिमी हवेत. आपले इंजिन सुमारे १२० मिमी आणि तीन वाघिणी ४६५, म्हणजे थोडी मोकळीक धरून नेक ६०० मिमी. पेको कंपनीचा लहान त्रिज्येचा सांधा १८५ मिमी लांब असतो. बेरीज १,५६० मिमी होते. सांध्यापुढे शेजारच्या रुळावरील वाघिणींना धक्का लागू नये म्हणून आणखी सुमारे १५० मिमी सोडले तरी १८० सेंमीमध्ये काम बसते. नेकची लांबी मात्र काटेकोर ठेवावी, कारण तेथे चौथी वाघीण मावली की कोड्यातील सारी गंमत निघून जाते.

उत्तर २: हडसनकाठ, जर्सी सिटी

वरील मापांशी मी सहमत आहे, परंतु चिठ्ठ्यांच्या कोड्यावर संपूर्ण देखावा उभा करू नये असे मला वाटते. कोड्यात वाघीण ही केवळ सोंगटी असते, तर कारखान्यात ती पिठाची, कागदाची किंवा कॉफीची असते आणि ती अमुक दारासमोरच उभी राहावी लागते. दोन लहान सायडिंगवर प्रत्येक दाराला क्रमांक द्यावा आणि आत उभी असलेली वाघीण अजून रिकामी झाली नसेल तर ती बाहेर काढून, काम झाल्यावर पुन्हा त्याच दारी नेऊन लावावी. एवढ्या एका नियमाने शंटिंगला अर्थ येतो.

आपल्याकडील सामानाला शोभणारा विषय माझ्या घरासमोरच्या पाण्यापलीकडे आहे. न्यू यॉर्कमधील ब्रुकलिनच्या किनाऱ्यावर उद्योजक आयर्विंग बुश यांनी १८९० च्या दशकात उभारण्यास सुरुवात केलेले बुश टर्मिनल म्हणजे धक्के, गुदामे आणि बहुमजली कारखान्यांची एक स्वतंत्र वसाहतच होती आणि तिची स्वतःची रेल्वे होती. पश्चिमेकडून येणाऱ्या रेल्वे न्यू जर्सीच्या काठावर थांबत असल्यामुळे वाघिणी रूळ बसवलेल्या बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालनौकेवर, चढवून बंदर ओलांडून आणाव्या लागत. ही वाहतूक आजही न्यू जर्सीतील ग्रीनव्हिल आणि ब्रुकलिनच्या ६५व्या रस्त्याच्या यार्डांदरम्यान थोड्या प्रमाणात चालते.

यात आपला एक मोठा प्रश्न परस्पर सुटतो. लहान देखाव्यात वाघिणी कोठून येतात आणि कोठे जातात हे दाखवणे कठीण असते. येथे लांब सायडिंगच्या टोकाला भरतीओहोटीनुसार वरखाली होणारा जोडपूल दाखवावा आणि त्यापुढे, फळीच्या बाहेर, सुटा करता येणारा ट्रेच्या आकाराचा बार्ज लावावा. बार्ज उचलून नेला आणि दुसऱ्या वाघिणी घालून आणला की नवी पाळी सुरू! इंजिनाचे वजन पुलावर येऊ नये म्हणून इंजिन आणि वाघिणी यांच्या मध्ये रिकाम्या सपाट वाघिणी जोडण्याची पद्धत होती. ती पाळल्यास नेकवर मालाच्या केवळ दोनच वाघिणी मावतील आणि काम आपोआप अवघड होईल, तेही खऱ्या कारणाने.

४४ टनी इंजिनही अशा कामासाठी अनुरूप आहे. १९३७ च्या कामगार करारानुसार ९०,००० पौंडांहून जड इंजिनावर चालकासोबत फायरमन, म्हणजे दुसरा कर्मचारी, ठेवणे आवश्यक झाले. त्या मर्यादेखाली राहण्यासाठीच या इंजिनाचे वजन ४४ अमेरिकी टन, म्हणजे ८८,००० पौंड, ठेवण्यात आले.

उत्तर ३: रावळी केबिन, मुंबई

मुंबई बंदराविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. १९१५ साली सुरू झालेली बंदराची रेल्वे बॅलार्ड पिअरपासून वडाळ्याच्या बाजूला जात असे आणि रावळी जंक्शनवर मुख्य मार्गाला मिळत असे. कापसाची गुदामे, धान्याची कोठारे, रस्त्यात पुरलेले रूळ असे सारे शंटिंगच्या देखाव्याला पोषक आहे. अडचण गेजची, म्हणजे दोन रुळांमधील अंतराची, आहे. आपले रुंद रूळ १,६७६ मिमीचे, म्हणजे १:८७ मध्ये सुमारे १९.२५ मिमी व्हावेत, आणि एचओचे रूळ १६.५ मिमीचे असतात. १४ टक्क्यांचा हा फरक समोरून पाहताना फार खटकतो आणि अमेरिकी बॉक्सकार तर चार चाकी भारतीय वाघिणींशेजारी आडदांड दिसतात.

एक मार्ग मात्र आहे. ब्रिटनमध्ये एका फुटाला ३ मिमी हे जुने टीटी प्रमाण, म्हणजे १:१०१.६, अजूनही काही जण वापरतात. त्या प्रमाणात १६.५ मिमीचे रूळ बरोबर साडेपाच फुटांचे, म्हणजे आपल्या रुंद गेजचे, होतात. अर्थात वाघिणींचे सांगाडे स्वतःच बनवावे लागतील. हे काम वर्षानुवर्षे करण्याची तयारी असेल तर ते अवश्य हाती घ्यावे. अन्यथा आहे त्या सामानात ब्रुकलिनच करावे, त्याला मुंबईच्या पाट्या लावू नयेत.

प्रश्नकर्ता: फळीवरचा फाटा, पुणे

सर्वांचे आभार. बार्जची कल्पना मनापासून पटली, तेव्हा ब्रुकलिन निश्चित. एकच इंजिन असताना डीसीसी (रुळांतून अंकीय संदेश पाठवून इंजिन चालवण्याची पद्धत) घेणे आवश्यक आहे काय? आणि रस्त्यात पुरलेले रूळ कसे करावेत?

उत्तर ४: सांधेवाला, नाशिक

एका इंजिनासाठी डीसीसी आवश्यक नाही. परंतु मंद गती हाच या देखाव्याचा प्राण आहे. ताशी १० किमी वेग १:८७ मध्ये सेकंदाला सुमारे ३.२ सेंमी होतो, म्हणजे संपूर्ण फळी पार करण्यास जवळजवळ एक मिनिट लागले पाहिजे. साधा कंट्रोलर एवढ्या मंद गतीत इंजिनाला झटके देत असेल तर डिकोडरवर, म्हणजे इंजिनात बसणाऱ्या डीसीसी चिपवर, खर्च करावा. सांध्याचे क्रॉसिंग (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) धातूचे आणि वीज खेळती असलेले घ्यावे. प्लॅस्टिकच्या क्रॉसिंगवर लहान इंजिन अडते आणि बोटाने ढकलावे लागते.

रस्त्यासाठी सनबोर्ड किंवा पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्या रुळांच्या मध्ये आणि बाहेर बसवाव्यात, मात्र त्यांची पातळी रुळाच्या माथ्यापेक्षा किंचित खाली ठेवावी, नाहीतर रूळ पुसताना रस्त्याचा रंगच निघेल. आतल्या बाजूने चाकाच्या कडेसाठी खाच सोडावी आणि पट्टी कायमची चिकटवण्यापूर्वी आठही वाघिणी तीवरून ढकलून पाहाव्यात. सांध्यांच्या हलत्या पट्ट्यांजवळ रस्ता करू नये, तेथे माती आणि खडीच ठेवावी. कपलर चुंबकाने सुटणारे असतील तर चुंबक रस्त्याखाली बसवण्याची जागा आताच ठरवावी; मी स्वतः बांबूची टोकदार काडी वापरतो आणि तीच अधिक सोयीची वाटते.

उत्तर ५: हडसनकाठ, जर्सी सिटी

एक पुरवणी. ३० सेंमी रुंदीत पूर्ण इमारती बसवू नयेत. मागच्या बाजूला केवळ ५ सेंमी खोलीच्या, पण भरपूर उंच अशा कारखान्यांच्या दर्शनी भिंती उभ्या कराव्यात, कारण तेथील कारखाने खरोखरच रुळांना खेटून बहुमजली होते. समोरच्या कडेला उंच काहीही ठेवू नये, कारण काडी घेऊन हात तेथूनच आत जाणार आहे.