एकदाच वापरायच्या खोक्याला उकळचाचणी कशाला?

वेर्ण्याचा खरेदीवाला
पॅकिंग प्लाय देणाऱ्याने दर वाढवला. कारण विचारलं तर म्हणे, पावसाळ्यात प्रत्येक लॉटची उकळचाचणी करतो, म्हणजे तुकडा पाण्यात उकळून थर सुटतात का ते बघतो. अहो, हे काय स्वयंपाकघरातलं कपाट आहे? खोकं एकदा जातं, तिकडे पोचलं की फोडतात नि जाळतात. दोन महिने टिकलं तरी खूप झालं. ही सगळी कामं क्वालिटीवाल्यांनी आपली नोकरी टिकवायला काढलेली आहेत.

कुंडईची लॅबवाली
शेवटच्या वाक्यापर्यंत गप्प बसणार होते. आता सविस्तरच लिहिते.

खोकं एकदाच जातं, कबूल. पण त्या एका प्रवासात त्याचे जे हाल होतात ते तुमच्या कपाटाचे वीस वर्षांत होत नाहीत. फोर्कलिफ्टचे काटे, आवळलेले पट्टे, डोक्यावर दुसरी पेटी, आणि सगळं बंद कंटेनरात. दिवसा पत्रा तापला की लाकडातली ओल हवेत जाते. रात्री पत्रा गार झाला की तीच ओल छताला थेंब धरते आणि पेटीवर गळते. बाहेर कोरडं असलं तरी आत पाऊस पडत असतो.

आणि ओल मुळात शिरते कुठून? आमच्याकडे केरळातून रबरवुडचं कोअर, म्हणजे प्लायच्या आतले थर, येतं. येताना सुकं असतं. जुलैत शेडमध्ये चार दिवस उघडं राहिलं की पंधरा-सतरा टक्क्यांवर जातं, कारण गोव्याच्या पावसाळी हवेत लाकूड त्याहून सुकं राहूच शकत नाही. युरियाच्या गोंदाला ते आठ-दहाच्या आत लागतं. ओलं तसंच प्रेसमध्ये घातलं की प्लेटा १०५-११० अंशांवर, आतल्या पाण्याची वाफ होते, दाब असेपर्यंत कोंडून राहते आणि प्रेस उघडताच फोड येतो. मोठा फोड दिसतो, तो शीट आम्ही बाद करतो. छोटा फोड आतच राहतो आणि तुमच्या मशीनखाली जातो. त्यात गोंद स्वस्तात पडावा म्हणून कोणी मैदा प्रमाणाबाहेर घातला असेल तर पाणी लागल्यावर तो जोड धरतच नाही.

आधीच्या नोकरीतली गोष्ट सांगते. चवथीच्या आदल्या आठवड्यात पंपाची एक जड पेटी पाठवायची होती. खालचे रनर, म्हणजे पेटी ज्यांवर टेकते ते ठोकळे, थर चिकटवून केलेले. घाई म्हणून उकळचाचणी राहिली. बंदरावर उचलताना एका रनरचे थर सुटले आणि पेटी कलंडली. मजूर दोन पावलं बाजूला होता म्हणून वाचला. तो तुकडा परत आला तेव्हा मी चाकू घालून उघडला. गोंदाची रेष गुळगुळीत, लाकडाचा एक तंतू तिला चिकटलेला नाही. चांगला जोड असेल तर लाकूड फाटतं, जोड सुटत नाही. त्या लॉटच्या वहीत सही माझी होती. आता सांगा, मी कोणाची नोकरी टिकवते आहे?

फोंड्याचा मेस्त
बाय, तुझा अनुभव खोटा नाही. पण ओल मोजायचं मीटर हातात घेऊन फिरणाऱ्या पोरांचं मला सांगू नको. चाळीस वर्षं रंधा मारतोय. फळीला तळहात लावला, गालाला लावली, टकटक केली की ओल कळते. मीटरच्या सुया प्लायमध्ये खुपसतात आणि वीस टक्के म्हणून सुका माल परत पाठवतात. माझा एक गाडी माल असाच परत गेला. भाडं कोणी भरलं? मी.

कुंडईची लॅबवाली
मेस्त काका, मीटरबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, हे मला आवडत नसलं तरी मान्य करते. सुई गोंदाच्या रेषेला लागली की गोंदातल्या क्षारांमुळे आकडा फुगतो. म्हणून मीटर फक्त सुट्या विनियरवर, म्हणजे चिकटवण्याआधीच्या पातळ थरावर, वापरायचं. तयार प्लायचा तुकडा वजन करून १०३ अंशांच्या भट्टीत ठेवायचा, वजन उतरायचं थांबलं की पुन्हा तोलायचा. तुमची गाडी परत पाठवली ती चूकच होती. पण तुमच्या गालाला नऊ आणि तेरा टक्के यांतला फरक कळतो हे मी मानणार नाही, आणि फोड नेमका त्याच फरकात येतो.

मुरगावचा शिपिंगवाला
यात परदेशी जाणाऱ्या पेटीच्या लाकडावर लागणाऱ्या शिक्क्याचं कोणी बोलतच नाही. माझ्याकडे रोज भांडण असतं ते त्यावरून.

वेर्ण्याचा खरेदीवाला
उलट शिक्क्यामुळे माझंच म्हणणं खरं ठरतं. साध्या लाकडाला उष्णतेची प्रक्रिया आणि शिक्का लागतो, प्लायला लागत नाही. म्हणजे जगानेच प्लायला माफी दिली आहे. मग तुम्ही कोण नवे तपासणीस?

मुरगावचा शिपिंगवाला
दादा, माफी किडीपुरती आहे. आयएसपीएम १५ हा नियम २००२ सालचा, तो झाडांचे रोग आणि किडी देशोदेशी जाऊ नयेत म्हणून केला. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं. प्लाय बनतानाच गोंद, उष्णता आणि दाब यांतून जातो म्हणून सुटतो. तो भार पेलेल की नाही याच्याशी त्या नियमाला काही देणंघेणं नाही. आणि लोक काय करतात? बाजू प्लायच्या, कोपऱ्याला मात्र साध्या लाकडाच्या जाड पट्ट्या. त्या पट्ट्यांना शिक्का लागतोच. मग पेटी तिकडे अडते आणि फोन मला येतो.

डिचोलीकर
चाचणी, शिक्का सगळं ठीक. पण प्रेसवर उभं कोण आहे ते विचारा. २०१२ ला खाणी बंद झाल्या, बाबांचा ट्रक दारात गंजला. मी आयटीआय केलं, आठ कारखान्यांत अर्ज दिले. कंत्राटदार बाहेरून माणसं आणतो, दर सहा महिन्यांनी बदलतो. ज्याला ड्रायरचा काटा वाचायला कोणी शिकवलंच नाही, तो माल कसा सुकवणार? तुमच्या क्वालिटीचं दुखणं तिथे आहे.

फोंड्याचा मेस्त
आमची पोरं टिकत नाहीत रे. माझ्या पुतण्याला मी स्वतः प्लायच्या कारखान्यात कामाला लावला होता. पंधरा दिवसांत म्हणाला गोंदाने डोळे चुरचुरतात, रात्रपाळी नको. आता बोटीवर आहे.

डिचोलीकर
डोळे चुरचुरतात तर पंखा लावा, मास्क द्या! फॉर्मल्डिहाइडची वाफ गिळून मुकाट राहील तो चांगला कामगार, आणि तोंड उघडेल तो आळशी गोंयकार? पुतण्याला नावं ठेवण्याआधी त्या शेडमध्ये तुम्ही आठ तास काढून बघा, काका.

फोंड्याचा मेस्त
तोंड सांभाळून बोल. मी कोणाला आळशी म्हटलेलं नाही.

कुंडईची लॅबवाली
दोघेही थांबा. आमच्या वसाहतीतून रात्री दहानंतर बस नाही, हे खरं कारण आहे. दुसरी पाळी सुटली की ज्याच्याकडे स्कूटर नाही तो शेडमागच्या खोलीत राहणारा असावा लागतो. स्थानिक पोरगी तर दूरच. मी स्वतः भावाला बोलावून घरी जाते. आणि डिचोलीकर, आमच्या ड्रायरवरचा माणूस ओडिशाचा आहे, सहा वर्षं झाली, ओलं विनियर तो आवाजावरून ओळखतो. प्रश्न गावाचा नाही, सहा महिन्यांत बदलण्याचा आहे. तेवढं तुमचं शंभर टक्के खरं. नवा माणूस आला की माझ्याकडे फोड आलेल्या शीटची थप्पी वाढते.

डिचोलीकर
ओडिशाच्या माणसाविरुद्ध मी काही बोललेलोच नाही. कंत्राटदाराविरुद्ध बोललो. पण असो, बसचं कोणीतरी लिहिलं हे बरं झालं.

वेर्ण्याचा खरेदीवाला
माझा प्रश्न दराचा होता, तुम्ही बसपर्यंत पोचलात. नोकरी टिकवण्याचं लिहिलं ते मागे घेतो. दरवाढ मात्र मला अजून पटलेली नाही. पेटीच्या बाजू नुसत्या झाकायला असतात, त्यांना आठ तास उकळून काय मिळणार?

कुंडईची लॅबवाली
बाजूंना नकाच उकळू, तसं मी म्हटलेलंच नाही. आतलं सामान हलकं असेल तर बाजूंना एमआर, म्हणजे ओल सोसणारा प्लाय, पुरतो, त्याची चाचणी ६० अंशांच्या पाण्यात ३ तास. ज्यावर भार आहे ते रनर आणि तळ, त्यांना बीडब्ल्यूआरची, म्हणजे उकळतं पाणी सोसणाऱ्या प्लायची, उकळत्या पाण्यात ८ तास. बोटींसाठीच्या मरीन प्लायचे ७२ तास तुमच्याकडे कोणी मागत असेल तर तो मात्र तुम्हाला लुबाडतोय. पुरवठादाराला विचारा की वाढीव दर नक्की कशाचा. सरसकट सगळ्या शीटवर लावला असेल तर भांडा, मी तुमच्या बाजूने आहे.

आणि गोदामात आज जे रनर पडले आहेत त्यातल्या एकाचा वीतभर तुकडा कापा. बाहेर अंगणात, पत्र्याच्या डब्यात उकळा. स्वयंपाकाचं भांडं घेऊ नका. पाणी कमी झालं की उकळतंच घाला. मग गार पाण्यात टाकून थरांत चाकू घाला आणि काय दिसलं ते इथे लिहा.

वेर्ण्याचा खरेदीवाला
काल रविवार होता, केलं. सकाळी नऊला ठेवला, पाचला काढला. एका टोकाला वरचे दोन थर हाताने सुटले, दुसऱ्या टोकाला चाकू आत जाईना. एकाच तुकड्यात असं कसं? याच लॉटचे चाळीस रनर पडले आहेत आणि शुक्रवारी गाडी आहे.

कुंडईची लॅबवाली
सुटलेल्या टोकाला तंतू दिसतात की गुळगुळीत आहे? आणि तिथे आतल्या थरात फट होती का, दोन कोअर एकमेकांवर चढले होते का? जवळून फोटो टाका. तोवर त्या चाळीसांतला एकही पेटीखाली लावू नका.

फोंड्याचा मेस्त
उरलेले रनर उभे करून एकेकावर हातोडी टिचकून बघ. पोकळ वाजेल तो बाजूला काढ.

कुंडईची लॅबवाली
हो, हे करा. आणि पोकळ वाजलेल्यांपैकी दोन, न वाजलेल्यांपैकी दोन, असे चार तुकडे कापून माझ्याकडे पाठवा.